मिनिटं मोजा: मिडफिल्डर पोराची कारकीर्द कशी घडते

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील घरी आले. छत्री दारात टेकवली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चार कागद टेबलावर काढले आणि म्हणाले, "सर, क्लबवाल्यांनी हा करार दिलाय. सगळा इंग्रजीत आहे. सही करू की नको, तेवढं सांगा."

मी गोव्यात डिचोली तालुक्यात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. हा मुलगा पाचवीपासून माझ्या हाताखाली खेळलेला. आता १७ वर्षांचा, फुटबॉलमध्ये मधल्या फळीत खेळणारा, म्हणजे मिडफिल्डर. वडील पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर घर कसं चाललं ते मी पाहिलंय, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा असणं अगदी साहजिक होतं. पण कागद हातात घेताना माझ्या मनात दुसराच प्रश्न होता: याला खेळवणार किती?

त्या रात्री दहा वाजेपर्यंत आम्ही बसलो होतो. त्यांना जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण साखळी, वाळपई, पेडणे, फोंडा इथल्या कितीतरी घरांत आज असे कागद येताहेत आणि ते वाचून दाखवणारं कुणी नाही.

आधी हा मुलगा मैदानात नक्की करतो काय ते पाहू. गोल मारणारा सगळ्यांना दिसतो, अडवणाराही दिसतो. मधला मात्र नुसता पाहून कळत नाही. ९० मिनिटांच्या सामन्यात मिडफिल्डर साधारण १० ते १२ किलोमीटर पळतो. त्यात चेंडू प्रत्यक्ष त्याच्या पायाशी असतो जेमतेम दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ तो जागा धरतो, जागा सोडतो, दुसऱ्यासाठी वाट मोकळी करतो, समोरच्याची वाट बंद करतो. म्हणून मी पालकांना सांगतो, पोराच्या पायांकडे पाहू नका, मानेकडे पाहा. चेंडू त्याच्याकडे निघालेला असताना तो मान वळवून मागे बघतो का? एकदा बघून पुन्हा बघतो का? आमच्या मैदानावर जुलैत घोट्यापर्यंत चिखल असतो, चेंडू मध्येच अडकतो, पाऊस डोळ्यांत जातो. तशा पावसातही हा मुलगा पास घेण्याआधी दोनदा खांद्यावरून मागे पाहायचा. बारा वर्षांचा असताना हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पाहून झालेलं असल्यामुळे चेंडू आला की तो थांबत नसे. पहिल्याच स्पर्शात मोकळ्या बाजूला वळायचा.

मधल्या फळीतही कामं वेगळी. खेळाडू त्यांना आकड्यांनी ओळखतात. 'सहा नंबर' बचावफळीच्या पुढे उभा राहून समोरच्यांचे हल्ले मोडतो आणि तिथूनच पहिला पास काढतो. 'आठ नंबर' दोन्ही गोलांसमोरच्या पेनल्टी बॉक्सपर्यंत ये-जा करतो. 'दहा नंबर' पुढच्यांना गोलच्या संधी तयार करून देतो. गोव्याने या तिन्ही जातींचे खेळाडू देशाला दिलेत. क्लायमॅक्स लॉरेन्स हा सहा नंबरचा नमुना. वर्षानुवर्षं गोव्याच्या डेंपो क्लबच्या आणि भारताच्या मधल्या फळीत तो शांतपणे झाडून काढायचा. २००८ च्या एएफसी चॅलेंज कपमध्ये अफगाणिस्तानविरुद्धचा सामना बरोबरीत सुटणार असं वाटत असताना ९० मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत गोल केला तो यानेच. ती स्पर्धा भारताने जिंकली आणि त्याच जोरावर १९८४ नंतर पहिल्यांदा, २०११ मध्ये आपण आशियाई चषकात खेळलो. सुनील छेत्रीची अंतिम सामन्यातली हॅटट्रिक सगळ्यांना आठवते, तशीच पहिल्या सामन्यातली ही एक ठिणगीही आठवायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्द्याचं. मिडफिल्डर उशिरा पिकतो. विंगवरचा, म्हणजे कडेने खेळणारा वेगवान मुलगा १६ व्या वर्षी उठून दिसतो, कारण वेग हा डोळ्यांना दिसणारा गुण आहे. मधल्या फळीतलं शहाणपण मात्र सामने खेळूनच येतं. समोरचा कधी दाबणार, आपला साथी कुठे सरकणार, चेंडू कधी राखायचा आणि कधी सोडून द्यायचा, हे सरावात अर्धंच कळतं. बाकीचं खऱ्या सामन्यात, चूक करून, प्रेक्षकांची बोलणी खाऊन.

मडगावचा ब्रँडन फर्नांडिस घ्या. गोव्यातल्या सेसा फुटबॉल अकादमीत घडला, किशोरवयातच दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला जाऊन शिकला, परत येऊन गोव्यातल्या क्लबांतून खेळला आणि २०१७ मध्ये एफसी गोवामध्ये आला. भारतासाठी त्याचं पदार्पण झालं जून २०१९ मध्ये, थायलंडमधल्या किंग्स कपमध्ये कुरासावविरुद्ध. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. भारतातल्या सगळ्यात कल्पक पास देणाऱ्यांपैकी एक माणूस, आणि त्यालाही इतकी वर्षं लागली. मग आपला मुलगा १९ व्या वर्षी राखीव संघात बसलाय म्हणून घरात सुतक कशाला?

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून होते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा एकाच गटात खेळतात. १३ व्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे हातभर उंचीचा फरक असू शकतो. निवड करणारे मोठा दिसणारा उचलतात. हे जगभर होतं. तुमचा मुलगा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल आणि निवडीत मागे पडला असेल, तर तो खेळात कमी आहे असं लगेच धरून चालू नका. मात्र यावर उपाय म्हणून जन्मदाखल्यात खाडाखोड करायचा विचारही मनात आणू नका. मनगटाच्या हाडाची तपासणी होते, वय उघडं पडतं आणि शिक्षा पोराला होते.

म्हणजे मिनिटं हवीत, आणि ती साधारण १७ ते २२ या वयात हवीत. मी एक वही ठेवलीय. माझ्याकडून पुढे गेलेल्या प्रत्येक मुलाचं एक पान. तारीख, कुठला सामना, कुठल्या जागेवर, किती मिनिटं. गोल-बिल वेगळे लिहीत नाही. हंगामाच्या शेवटी बेरीज केली की त्या मुलाचं वर्ष कसं गेलं ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

ही मिनिटं मिळणं मधल्या फळीत सगळ्यात कठीण का, त्याचं कारण नियमात आहे. इंडियन सुपर लीग (आयएसएल, देशातली आजची सर्वोच्च लीग) २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा मैदानावरच्या अकरांत सहा परदेशी चालत. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. हे चार परदेशी क्लब कुठे वापरतात? मैदानाच्या कण्यात. एक मधला बचावपटू, एक-दोन मिडफिल्डर, एक स्ट्रायकर. आयएसएलमधल्या आपल्या एफसी गोवाच्याच मधल्या फळीत अहमद जाहू, एदू बेदिया, ह्यूगो बूमूस अशी माणसं खेळून गेली. त्यांच्याकडून आपल्या मुलांनी खूप घेतलं, ते मी नाकारणार नाही. पण जागा एकच असते. ती परदेशी माणसाकडे गेली की स्थानिक मुलाला प्रशिक्षक विंगवर ढकलतो किंवा बचावफळीत टाकतो. पोरगं बिचारं आनंदाने जातं, संघात तर आलो म्हणून. दोन वर्षांनी ते ना धड विंगर राहतं ना धड मिडफिल्डर. सगळ्यांचं असं होत नाही. अदिल खानसारखा मधल्या फळीतून मागे सरकलेला खेळाडू मधला बचावपटू म्हणून भारतासाठी खेळला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध शेवटच्या मिनिटांत डोक्याने गोल करून त्याने सामना वाचवला. जागा बदलली तरी चालते, फक्त ती विचार करून बदललेली असावी, रिकामी दिसली म्हणून नको.

गोव्याला दुसरा मार बसला तो २०१६ मध्ये. त्याआधी आपल्या एवढ्याशा राज्याचे डेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग हे क्लब देशाच्या सर्वोच्च पातळीवर खेळत. डेंपोने तर पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. चार क्लब म्हणजे मधल्या फळीत दहा-बारा जागा, त्याही घरापासून तासाभराच्या अंतरावर. जेवायला घरी, सामन्याला मडगावच्या फातोर्ड्या स्टेडियमवर. २०१६ मध्ये देशातल्या लीगची फेररचना होऊ घातली आणि तोवर सर्वोच्च असलेली आय-लीग आयएसएलच्या खाली जाणार असं दिसलं, तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाठोपाठ डेंपो आय-लीगमधून बाहेर पडले. या क्लबांची बाजू मला समजते, आणि तरीही त्या वर्षी १८-१९ वर्षांची असलेली मुलं आठवली की गलबलून येतं. शिडीच्या मधल्या पायऱ्याच निघाल्या. खाली राज्यातली गोवा प्रोफेशनल लीग, वर आयएसएल, मध्ये पोकळी. डेंपो २०२४-२५ ला आय-लीगमध्ये परतला, २०२२ पासून २१ वर्षांखालील मुलांसाठी डेव्हलपमेंट लीग सुरू झाली आणि तिचा पहिला हंगाम गोव्यातच झाला. पोकळी थोडी भरतेय.

आता ते चार कागद.

व्यावसायिक खेळाडू कोणाला म्हणायचं, याची फिफाची, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेची, व्याख्या साधी आहे: लेखी करार असलेला आणि खेळण्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळणारा. बूट आणि प्रवासखर्च देणारा क्लब तुमच्या मुलाला व्यावसायिक करत नाही. १८ वर्षांखालील मुलाचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा नसावा, मोठ्यांचा पाचपेक्षा जास्त नसावा. आमच्या कागदावर लिहिलं होतं, 'तीन वर्षं, आणि पुढे दोन वर्षं वाढवण्याचा हक्क क्लबकडे'. हे वाक्य मी त्या वडिलांना तीनदा वाचून दाखवलं. मुलगा चांगला निघाला तर क्लब त्याला जुन्या पगारावर पाच वर्षं ठेवू शकतो आणि चांगला नाही निघाला तर सोडू शकतो. दोन्ही वेळा निर्णय क्लबचा. असं कलम दिसलं की विचारायचं: मुदत वाढली तर पगार किती वाढणार, आणि किमान अमुक सामने खेळवले तरच हा हक्क लागू होईल असं लिहून देणार का? विचारायला लाजू नका. विचारलं म्हणून चांगला क्लब रागावत नाही.

सही झाली की एक प्रत घरी आलीच पाहिजे. हे सांगताना माझा आवाज चढतो, कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने एका क्लबात कोऱ्या फॉर्मवर सही केली. कुठला क्लब ते सोडा. पुढच्या वर्षी दुसरीकडे संधी आली तेव्हा कळलं की नोंदणी अजून पहिल्याच क्लबकडे आहे. एनओसीसाठी, म्हणजे जुन्या क्लबच्या ना-हरकत दाखल्यासाठी, आम्ही दोघे किती खेटे घातले त्याची मोजदाद नाही. आज साहेब नाहीत, उद्या या. खिडकी बंद झाली आणि मुलाचा पूर्ण हंगाम गेला. वहीत त्याच्या पानावर त्या वर्षी एकही ओळ नाही. तो पुढे पुन्हा खेळला, पण त्या वर्षी आम्ही एक झेरॉक्स मागितली असती तर हे टळलं असतं.

'खिडकी' म्हणजे ट्रान्स्फर विंडो. वर्षातून दोन ठरावीक काळ असतात, त्यातच नव्या क्लबात नोंद होते. करार संपायला सहा महिने किंवा कमी राहिले असतील, तर खेळाडू दुसऱ्या क्लबाशी पुढचा करार करायला मोकळा असतो. मधेच जायचं असेल तर नवा क्लब जुन्याला पैसे देतो किंवा खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देतो. जानेवारी २०२१ मध्ये असंच झालं. एफसी गोवाचा लेनी रॉड्रिग्ज एटीके मोहन बागानकडे गेला आणि तिथला ग्लॅन मार्टिन्स गोव्यात आला. दोघेही गोमंतकीय, दोघेही मिडफिल्डर. पुढे काय झालं पाहा. एप्रिलमध्ये फातोर्ड्यावर एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेचे सामने झाले. त्या स्पर्धेच्या गटफेरीत खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब. कतारच्या अल रयान आणि अमिरातीच्या अल वाहदा यांना गोव्याने गोलशून्य बरोबरीत रोखलं. मधल्या फळीत ग्लॅन होता. जूनमध्ये दोह्यात विश्वचषक पात्रता फेरीत त्याने भारताचा शर्ट घातला. जानेवारीत बेंचवर, जूनमध्ये देशासाठी. वय २६. मधल्या पाच महिन्यांत तो अचानक हुशार झाला नव्हता. त्याला खेळायला मिळालं होतं.

'लोन' म्हणजेही हीच गोष्ट, थोड्या काळासाठी. करार मूळ क्लबचा, खेळायचं दुसऱ्याकडे. आपल्याकडे पालकांना लोन म्हणजे हकालपट्टी वाटते. मी उलट सांगतो: १९-२० व्या वर्षी मोठ्या संघाच्या बेंचवर बसून शेवटची सात मिनिटं मिळण्यापेक्षा खालच्या लीगमध्ये लोनवर जाऊन २० सामने पूर्ण खेळणं मिडफिल्डरसाठी लाखमोलाचं. फक्त जाण्याआधी एक चौकशी करायची, तिथे त्या जागेवर आधीच कोण आहे? दोन अनुभवी माणसं असतील तर तिथेही बेंचच वाट पाहत असेल.

पगार थकला तर काय, हा प्रश्न त्या वडिलांनी फार हळू आवाजात विचारला. फिफाच्या नियमात याचं उत्तर आहे. दोन महिन्यांचा पगार थकला, लेखी नोटीस देऊन १५ दिवस वाट पाहिली आणि तरी मिळाला नाही, तर खेळाडू योग्य कारणाने करार मोडू शकतो. नोटीस लेखी हवी, फोनवरचं बोलणं धरत नाहीत. खेळाडूंची संघटना आहे, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया, तिथे दाद मागता येते. ही नुसती पुस्तकी काळजी नाही. जुलै २०२५ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० पासूनचा हक्कांचा करार संपत आला आणि नवा झाला नाही, म्हणून आयएसएलचा हंगामच अडकला. २५-२६ वर्षांच्या खेळाडूने ते महिने सोसले. १९ वर्षांच्या मुलासाठी मात्र ते त्याच्या शिकण्याच्या वयातले महिने होते, आणि ते भरून देणारं कलम कुठल्याच करारात नसतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आशियाई क्लब स्पर्धेत फातोर्ड्यावर सौदीच्या अल नस्रविरुद्ध एफसी गोवाच्या २४ वर्षांच्या ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा मी उभा राहून ओरडलो. सामना १-२ असा गेला, तरी रात्री झोप लागली नाही.

गावच्या क्लबांसाठी एक हिशेब सांगतो, कारण तो बहुतेकांना ठाऊकच नसतो. खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला, तर त्या रकमेचे ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. समजा रक्कम १ कोटी. वाटायचे ५ लाख. १२ ते १५ या चार वर्षांसाठी वर्षाला २५ हजार, पुढच्या आठ वर्षांसाठी वर्षाला ५० हजार. म्हणजे ज्या गावच्या क्लबाने चार वर्षं पोराला चिखलात खेळवलं, त्याच्या वाट्याला १ लाख. त्यात वर्षभराचे चेंडू, जाळ्या आणि शिवाय मैदानाला लाल माती येईल. अट एकच, त्या वर्षांची रीतसर नोंदणी हवी. आपल्याकडे बारा वर्षांच्या पोराची नोंद करायचा कंटाळा केला जातो.

आणखी दोन गोष्टी पटकन. बारावी सोडू नका. गोवा बोर्ड खेळाडूंना क्रीडागुण देतं, ते घ्या, आणि गुडघ्याचं लिगामेंट तुटलं तर सहा ते नऊ महिने घरी बसावं लागतं हे लक्षात ठेवा. तेव्हा हातात पुस्तक असलेलं बरं. आणि पोर्तुगीज पासपोर्टचा विचार घरात चालला असेल तर आधी मुलाशी बोला. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. तो पासपोर्ट घेतला की भारताच्या संघाचं दार बंद होतं. अनेक घरांची त्यामागची गरज खरी असते, मी कुणाला दोष देणार नाही. निर्णय मुलाला माहीत असताना व्हावा, इतकंच.

त्या रात्री आम्ही कागदावर पेन्सिलीने तीन खुणा केल्या. वाढीव दोन वर्षांच्या कलमापुढे एक, पगाराच्या तारखेपुढे एक, आणि शेवटच्या पानावर कोऱ्या जागेत मी लिहिलं, 'पहिल्या संघात जागा नसेल तर लोनवर पाठवावं'. वडील दुसऱ्या दिवशी घडी घातलेला शर्ट घालून क्लबात गेले. दोन मुद्दे क्लबने मान्य केले, वाढीव मुदत एका वर्षावर आली. लोनचं लिहून दिलं नाही, तोंडी हो म्हणाले. ते मी वहीत तारखेसह टिपून ठेवलंय.

मुलगा आता राखीव संघात आहे. रविवारी रात्री वडिलांचा फोन येतो. स्कोअर ते शेवटी सांगतात.

"सर, आज एकसष्ट मिनिटं. सहा नंबरवर."

मी वही उघडतो.